स्मरणार्थ: येडशी-बार्शी टापूतील कर्करोग तपासणीचा इतिहास

गेलेल्या माणसाच्या नावाने जिवंतांसाठी काही करून ठेवण्याची रीत मराठी मुलखात फार जुनी आहे. मराठवाड्यात गावोगावी मारुतीच्या पाराजवळ उभे असलेले वीरगळ हे या रीतीचे दगडी रूप. लढताना पडलेल्या माणसाची आठवण गावाने तिथे कोरून ठेवली. पुढे आठवण उपयोगाच्या वस्तूत उतरली. बारव, घाटाची पायरी, धर्मशाळेची ओवरी, पाणपोई बांधली जाऊ लागली. आजही एसटी थांब्यावरच्या सिमेंटच्या बाकड्यावर, शाळेतल्या घड्याळावर, स्मशानभूमीतल्या पत्र्याच्या शेडवर 'कै. ... यांच्या स्मरणार्थ' अशी अक्षरे रंगवलेली दिसतात. वर्षश्राद्धाला कीर्तन आणि पंगत ही जुनी पद्धत. गेल्या काही दशकांत तिच्या जोडीला रक्तदान, डोळ्यांची तपासणी आणि 'सर्वरोग निदान शिबिर' आले.

या रीतीची एक शाखा कर्करोगाशी जोडली गेली. धाराशिव जिल्ह्यातील येडशी आणि सोलापूर जिल्ह्यातील बार्शी यांच्या आसपासच्या टापूत तिचा इतिहास सलगपणे पाहता येतो. प्रिय व्यक्तीच्या नावाने उभे राहिलेले रुग्णालय, तिथून गावांत गेलेली जागृती, जागृतीतून आलेली तपासणी आणि तपासणीतून जगाला मिळालेला पुरावा, हे सारे टप्पे इथे एकाच भूभागात घडले.

येडशीची वाट

येडशी हे बालाघाटाच्या कडेवरचे गाव. रामलिंगाचे देवस्थान आणि त्याभोवतीचे अभयारण्य यांमुळे ते ओळखले जाते. सोलापूरहून बीडमार्गे छत्रपती संभाजीनगरकडे जाणारा महामार्ग आणि बार्शीहून लातूरकडे जाणारा रस्ता इथे एकमेकांना भेटतात. पश्चिमेला घाट उतरला की पांगरी लागते आणि पुढे बार्शी.

रेल्वे आल्यावर या गावाचे महत्त्व वाढले. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने आखलेली बार्शी लाइट रेल्वे 1897 मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी अशी सुरू झाली आणि 1911 पर्यंत लातूरला पोचली. रुळांमधले अंतर अडीच फूट, डबे लहान आणि वेग बेताचा. ही गाडी येडशीवरून जाई, पण त्या वेळच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) शहरात मात्र ती जात नसे. त्यामुळे जिल्ह्याच्या गावच्या लोकांनाही गाडी धरण्यासाठी येडशीला यावे लागे. रुंद रूळ टाकताना मार्ग वळवून शहरापर्यंत नेला गेला आणि 2008 मध्ये हा मार्ग पूर्णपणे रुंद झाला.

आजारी माणसासाठी या रेल्वेचा अर्थ वेगळा होता. मोठ्या दुखण्यावर इलाज करायचा तर येडशीला छोटी गाडी, कुर्डुवाडीला उतरून मोठी गाडी आणि शेवटी मुंबई असा प्रवास करावा लागे. कर्करोग असेल तर मुक्काम परळला, टाटा रुग्णालयात. सोबत एक माणूस, पिशवीत भाकरी आणि कागदपत्रे, राहायला धर्मशाळा किंवा फुटपाथ. गाठ दिसू लागल्यापासून या प्रवासाला निघेपर्यंत कित्येक महिने जात. गावातला वैद्य, मग तालुक्याचा दवाखाना, मग देवऋषी, मग उधारउसनवारी. परळला पोचेपर्यंत आजार पुढच्या टप्प्यात गेलेला असे.

परळचे स्मारक

ज्या रुग्णालयाकडे ही वाट जात होती, तेही एका स्त्रीच्या आठवणीतून उभे राहिले होते. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई यांचे 1931 मध्ये रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले. परदेशात मिळणारे उपचार भारतात नाहीत, ही गोष्ट दोराबजींच्या मनाला लागली. त्यांनी 1932 मध्ये पत्नीच्या नावाने रक्ताच्या कर्करोगावरील संशोधनासाठी न्यास स्थापन केला आणि त्याच वर्षी त्यांचेही निधन झाले. त्यांच्या संपत्तीतून निर्माण झालेल्या विश्वस्त संस्थेने परळला रुग्णालय बांधले. 28 फेब्रुवारी 1941 रोजी टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झाले. 1957 मध्ये ते केंद्राच्या आरोग्य खात्याकडे आणि 1962 मध्ये अणुऊर्जा खात्याकडे गेले.

एका घरातले दुःख सार्वजनिक संस्थेत उतरल्याचे भारतातले हे मोठे उदाहरण आहे. तरी उपचाराचे स्मारक आजार झाल्यानंतर कामाला येते. रुग्णाने तिथवर यावे लागते आणि बहुतेक रुग्ण उशिरा येत होते. आजार लवकर पकडायचा तर कोणीतरी उलट्या दिशेने, म्हणजे परळहून गावाकडे, जायला हवे होते.

त्याआधी आजार कुठे, कोणाला, किती होतो हे कळणे आवश्यक होते. 1951 मध्ये डॉ. डी. जे. जस्सावाला आणि नवल टाटा यांनी इंडियन कॅन्सर सोसायटी स्थापन केली. या संस्थेने 1963 मध्ये मुंबई शहरातील कर्करोगाची नोंदवही सुरू केली. देशातली ही पहिली लोकसंख्याधारित नोंदणी. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने राष्ट्रीय नोंदणी कार्यक्रम हाती घेतला. पण नोंदणीची केंद्रे शहरांत होती आणि देशातली बहुसंख्य माणसे खेड्यांत राहत होती. खेड्यातला कर्करोग मोजण्याचे काम बार्शीने केले.

नर्गिसचे नाव बार्शीला

अभिनेत्री नर्गिस दत्त यांचे 3 मे 1981 रोजी मुंबईत स्वादुपिंडाच्या कर्करोगाने निधन झाले. त्यांच्यावर न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग रुग्णालयात दीर्घ उपचार झाले होते. 'मदर इंडिया'मधून घराघरांत पोचलेली ही स्त्री वयाच्या 51 व्या वर्षी गेली. मुलाचा पहिला चित्रपट 'रॉकी' काही दिवसांतच पडद्यावर येणार होता.

पती सुनील दत्त यांनी या दुःखाला कामाचे रूप दिले. पत्नीच्या नावाने त्यांनी प्रतिष्ठान उभारले आणि गरीब रुग्णांच्या कर्करोग उपचारांसाठी देशात व परदेशात निधी जमवण्याचे काम आयुष्यभर चालवले. रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलीची कथा सांगणारा 'दर्द का रिश्ता' हा चित्रपट त्यांनी 1982 मध्ये काढला. घरातल्या मृत्यूबद्दल चारचौघांत बोलणे आणि कर्करोग हा शब्द मोठ्याने उच्चारणे या गोष्टी त्या काळात सोप्या नव्हत्या. खेड्यापाड्यांत लोक 'तो आजार' किंवा 'वाईट गाठ' एवढेच म्हणत.

बार्शीच्या ग्रामीण कर्करोग रुग्णालयाला नर्गिस दत्त यांचे नाव दिले गेले. अश्विनी ग्रामीण कर्करोग संशोधन व निवारण संस्थेने चालवलेल्या या रुग्णालयाच्या कामात डॉ. बी. एम. नेने यांचा वाटा मोठा होता. परळला जाणारा रुग्ण घाट उतरून तासाभरात पोचेल अशा ठिकाणी कर्करोगाचा उपचार आला.

याच सुमारास जगात अन्यत्रही वैयक्तिक शोक तपासणीच्या प्रचाराकडे वळत होता. अमेरिकेत सुझन कोमेन ही तरुणी 1980 मध्ये स्तनाच्या कर्करोगाने गेली. तिच्या बहिणीने 1982 मध्ये तिच्या नावाने संस्था काढली आणि स्तनाच्या तपासणीबद्दल तिथल्या बायका उघडपणे बोलू लागल्या. पुढे पत्रकार केटी कुरिक यांनी पतीच्या मोठ्या आतड्याच्या कर्करोगाने झालेल्या मृत्यूनंतर 2000 मध्ये स्वतःची आतड्याची तपासणी दूरचित्रवाणीवर दाखवली. त्यानंतर अमेरिकेत अशा तपासण्यांची संख्या वाढल्याचे अभ्यासकांनी नोंदवले. तिथे प्रचाराचे साधन दूरचित्रवाणी होते. बार्शीच्या भागात ते गावची चावडी आणि शाळेची पडवी होती.

गावात जाणारी नोंदवही

1987 मध्ये बार्शीत भारतातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. सोलापूर जिल्ह्यातला बार्शी तालुका आणि आताच्या धाराशिव जिल्ह्यातले परंडा व भूम हे तालुके तिच्या कक्षेत आले. एकूण 346 गावे. टाटा मेमोरियल सेंटरच्या शास्त्रज्ञ डॉ. कस्तुरी जयंत यांचे या कामाशी दीर्घ नाते राहिले.

शहरातली नोंदणी रुग्णालयांच्या कागदांवर चालते. खेड्यात कागदच नव्हते. रुग्ण डॉक्टरकडे जात नसे, गेला तर निदान लिहिले जात नसे आणि मेला तर मृत्यूचे कारण 'म्हातारपण' किंवा 'दुखणे' एवढेच नोंदले जाई. म्हणून नोंदणीच्या कार्यकर्त्यांना गावोगाव फिरावे लागले. सरपंच, शाळेचे गुरुजी, दाई, अंगणवाडीच्या बाई यांना भेटायचे, लोकांना जमवायचे आणि लक्षणे सांगायची. तोंडातली न भरणारी जखम, मानेतली गाठ, छातीतली गाठ, पाळी गेल्यानंतर अंगावरून जाणे, संबंधानंतर रक्त दिसणे, घास गिळताना अडकणे. ज्याला असे काही असेल त्याला रुग्णालयात आणायचे आणि तपासायचे. मृत्यू झालेल्या घरी जाऊन शेवटचे दुखणे कसे होते हे घरच्यांकडून समजून घ्यायचे.

मोजणीसाठी केलेले हे काम आपोआप शिक्षणाचेही झाले. कार्यकर्ते पुन्हा पुन्हा येत, तीच लक्षणे सांगत. ऐकणाऱ्या बायकांपैकी कुणाला ते आठवे आणि ती सुनेला किंवा जावेला घेऊन बार्शी गाठे. काही वर्षांत नोंदवहीतच फरक दिसला. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या रुग्ण पूर्वीपेक्षा आधीच्या टप्प्यात येऊ लागल्या. डॉ. जयंत, डॉ. नेने आणि सहकाऱ्यांनी 1995 मध्ये हे निष्कर्ष आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. कोणतेही यंत्र न वापरता, केवळ सांगण्याने आजाराचा टप्पा बदलू शकतो, याचा तो पुरावा होता.

नोंदवहीने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. या भागातल्या बायकांमध्ये गर्भाशयमुखाचा कर्करोग पहिल्या क्रमांकावर होता. बायका त्याला 'पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर' म्हणत. हा आजार होण्यापूर्वी बरीच वर्षे पेशींमध्ये बदल होत राहतो आणि त्या काळात तो पकडला तर छोट्या उपचाराने संपतो. म्हणजे तपासणीने सर्वांत जास्त फायदा व्हावा असा हा कर्करोग होता. नर्गिस दत्त यांच्या स्वादुपिंडाच्या आणि मेहेरबाईंच्या रक्ताच्या कर्करोगाला निरोगी माणसांत शोधून काढणारी तपासणी त्या काळात नव्हती, आणि सर्वसाधारण लोकांसाठी ती आजही नाही. त्यांच्या स्मरणार्थ उभ्या राहिलेल्या संस्थांनी मात्र तपासणीने टळू शकणाऱ्या मृत्यूंकडे लक्ष वळवले. स्मरणाचा हा अर्थ मोठा आहे: गेलेल्या माणसाचा आजार कोणताही असो, त्याच्या नावाने वाचवता येईल तो जीव वाचवावा.

व्हिनेगार, काचपट्टी आणि विषाणू

तपासणी कशी करावी हा पुढचा प्रश्न होता. पाश्चात्त्य देशांत पॅप चाचणी रूढ होती. गर्भाशयाच्या तोंडावरचा स्राव काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. त्यासाठी प्रशिक्षित तंत्रज्ञ, प्रयोगशाळा आणि वारंवार तपासणी लागते. खेड्यांत हे जमणे अवघड. डॉ. नेने आणि सहकाऱ्यांनी 1996 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, प्रशिक्षण दिलेल्या निमवैद्यकीय कार्यकर्त्या केवळ डोळ्यांनी पाहून कितपत निदान करू शकतात हे पडताळले.

त्याच विचारातून जगभर चर्चेत आलेली पद्धत म्हणजे व्हीआयए. गर्भाशयमुखाला तीन ते पाच टक्के असेटिक आम्ल लावायचे. स्वयंपाकघरातल्या व्हिनेगारमध्ये असते तेच हे आम्ल. साधारण मिनिटभर थांबून चांगल्या उजेडात पाहायचे. बिघडलेल्या पेशींचा भाग पांढरा पडतो. निकाल तिथल्या तिथे कळतो आणि बाईला दुसऱ्यांदा येण्याची गरज राहत नाही. तिसरी पद्धत होती एचपीव्ही चाचणी. हा कर्करोग मानवी पॅपिलोमा विषाणूच्या काही प्रकारांमुळे होतो, हे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी दाखवून दिले होते. त्यासाठी त्यांना 2008 चे नोबेल पारितोषिक मिळाले. ब्रशने घेतलेल्या नमुन्यात त्या विषाणूचा डीएनए आहे का, हे या चाचणीत पाहिले जाते.

तिन्हींपैकी कोणती पद्धत मृत्यू कमी करते, हे ठरवण्यासाठी 1999 मध्ये उस्मानाबाद जिल्ह्यात मोठी चाचणी सुरू झाली. बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक रुग्णालय, टाटा मेमोरियल सेंटर आणि फ्रान्समधल्या लियाँ शहरातली जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी ती मिळून केली. डॉ. रेंगास्वामी शंकरनारायणन, डॉ. नेने आणि डॉ. सुरेंद्र शास्त्री हे तिच्या प्रमुखांपैकी. गावांचे 52 गट पाडून चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची चार भागांत वाटणी केली गेली. 30 ते 59 वयाच्या 1,31,746 निरोगी बायका त्यात होत्या. एका भागात एचपीव्ही चाचणी, दुसऱ्यात पॅप, तिसऱ्यात व्हीआयए आणि चौथ्यात नेहमीची आरोग्यसेवा. पहिल्या तीन भागांतल्या प्रत्येक बाईची तपासणी एकदाच व्हायची होती.

आकड्यांमागे रोजचे कष्ट होते. आधी घरोघर जाऊन बायकांची यादी, मग समजावणे, मग तपासणीचा दिवस. काम प्रशिक्षित परिचारिका-दाई करत. सुगीच्या किंवा ऊसतोडीच्या दिवसांत बायका मिळत नसत. सासूची परवानगी, नवऱ्याचा होकार, 'मला काहीच होत नाही तर कशाला दाखवायचं' ही शंका, आणि सर्वांत मोठी अडचण लाजेची. आपल्याच गावाजवळ, बाईकडूनच तपासणी होणार हे कळल्यावर यातली बरीच भीती ओसरे. बोलावलेल्या 1,00,800 पात्र बायकांपैकी 79,449 तपासून गेल्या. म्हणजे शंभरांतल्या जवळपास 79. ज्यांनी तपासून घेतले त्या तुलनेने तरुण, थोड्या अधिक शिकलेल्या आणि कुटुंबनियोजनाची साधने वापरलेल्या होत्या. दोष आढळलेल्या बायकांची पुढची तपासणी आणि उपचार बार्शीत झाले.

आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतरचे निष्कर्ष 2009 मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आले. एचपीव्ही गटात 34,126 बायका होत्या. त्यांतल्या 34 गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने गेल्या. तपासणी न झालेल्या गटात 31,488 बायका होत्या आणि मृत्यू 64. दुसऱ्या किंवा त्यापुढच्या टप्प्यात सापडलेले कर्करोग एचपीव्ही गटात 39 आणि तपासणी नसलेल्या गटात 82. आयुष्यात एकदा केलेल्या एका चाचणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. पॅप आणि व्हीआयए गटांत मृत्यूंमध्ये लक्षणीय घट दिसली नाही. ज्यांची एचपीव्ही चाचणी निर्दोष आली त्यांना पुढील वर्षांत कर्करोग होण्याचे प्रमाण फारच कमी राहिले. तपासणी किती वर्षांनी पुन्हा करावी, हे ठरवताना ही गोष्ट फार उपयोगी पडते.

दुष्काळी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यातल्या बायकांनी दिलेला हा पुरावा जगाने स्वीकारला. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 च्या मार्गदर्शनात एचपीव्ही चाचणीला प्राधान्य दिले. त्याआधी नोव्हेंबर 2020 मध्ये तिने हा कर्करोग संपवण्याचे उद्दिष्ट मांडले होते: 2030 पर्यंत 90 टक्के मुलींचे लसीकरण, 70 टक्के बायकांची 35 आणि 45 व्या वर्षी चांगल्या चाचणीने तपासणी आणि दोष आढळलेल्या 90 टक्के बायकांवर उपचार.

न तपासलेल्या बायका

या इतिहासात एक अवघड पानही आहे. चाचणीतल्या चौथ्या गटातल्या बायकांना आजाराची माहिती आणि नेहमीची सेवा मिळाली, पण तपासणी झाली नाही. भारतात त्या वेळी सार्वत्रिक तपासणी नव्हतीच, म्हणून नेहमीची सेवा हीच तुलना योग्य, असे संशोधकांचे म्हणणे होते. तपासणीचा उपयोग माहीत असताना काहींना तिच्याशिवाय ठेवणे गैर, असा आक्षेप देशविदेशातल्या अभ्यासकांनी घेतला. मुंबई आणि तमिळनाडूतल्या अशाच चाचण्यांवरही ही टीका झाली. या वादात बाजू कोणतीही घेतली तरी त्या 64 मृत्यूंचे ऋण उरते. एचपीव्ही गटातल्या 34 या आकड्याला अर्थ आला तो त्यांच्यामुळे. त्यांच्या नावाची पाटी कुठेही नाही. ज्या ज्या गावात यापुढे तपासणी होईल, ती त्यांच्याही स्मरणार्थ आहे, असे मानणे हीच त्यांची दखल.

दुसरा धडा याच मराठवाड्याने दिला. कर्करोगाची नुसती भीती पोचली आणि तपासणी पोचली नाही, तर काय होते हे बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढण्याच्या प्रकरणात दिसले. अंगावरून जाणे, पोटदुखी अशा तक्रारींवर 'पुढे कॅन्सर होईल' असे सांगून तरुण वयात पिशवी काढली गेल्याच्या तक्रारी आल्या आणि 2019 मध्ये राज्य सरकारने चौकशीसाठी समिती नेमली. पांढरे पाणी जाणे म्हणजे कर्करोग नव्हे. बहुतेक वेळा तो साधा संसर्ग असतो. संशय असेल तर आधी चाचणी, चाचणीत दोष आढळला तर कोल्पोस्कोप या भिंगाच्या उपकरणाने पाहून तुकडा तपासणे आणि कर्करोगपूर्व बदल असेल तर तेवढाच भाग गोठवून किंवा काढून टाकणे, हा क्रम आहे. बार्शीच्या कामाने हा क्रम खेड्यात पाळता येतो हे दाखवले होते.

एका मात्रेची गोष्ट

तपासणीपाठोपाठ बार्शीचे नाव लसीच्या इतिहासातही आले. एचपीव्ही लसीच्या दोन मात्रा तीन मात्रांइतक्याच पुरतात का, हे पाहण्यासाठी 2009 मध्ये भारतात नऊ केंद्रांवर 10 ते 18 वयाच्या अविवाहित मुलींवर अभ्यास सुरू झाला. बार्शी हे त्यांतले एक. 2010 मध्ये दुसऱ्याच एका लसीकरण प्रकल्पावरून वाद उठला आणि सरकारने एचपीव्ही लसीचे सर्व अभ्यास थांबवले. त्यामुळे अनेक मुलींना एकच मात्रा मिळून राहिली. संशोधकांनी त्यांचा पाठपुरावा सोडला नाही. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, एका मात्रेनेही विषाणूच्या दोन मुख्य प्रकारांच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून 95 टक्क्यांहून अधिक संरक्षण मिळाल्याचे दिसले. 2022 च्या अखेरीस जागतिक आरोग्य संघटनेने एक मात्राही पुरेशी ठरू शकते, असे मान्य केले. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेली भारतीय लस 2023 मध्ये बाजारात आली.

आजची स्थिती आणि स्मरणाची शिबिरे

एवढा पुरावा या मातीतून निघाला, तरी तपासणी अजून सर्वत्र पोचलेली नाही. 2019 ते 2021 दरम्यानच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, 30 ते 49 वयाच्या भारतीय बायकांपैकी केवळ 1.9 टक्के बायकांनी आयुष्यात कधीतरी गर्भाशयमुखाची तपासणी केल्याचे आढळले. जागतिक अंदाजांनुसार 2022 मध्ये भारतात या कर्करोगाचे 1,27,526 नवे रुग्ण आढळले आणि 79,906 बायका त्याने गेल्या. केंद्र सरकारच्या 2016 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तीस वर्षांवरील प्रत्येकाची तोंडाची आणि बायकांची स्तन व गर्भाशयमुखाची तपासणी दर पाच वर्षांनी व्हायला हवी. आशा कार्यकर्ती घरोघर प्रश्नावली भरते, उपकेंद्रावर एएनएम (परिचारिका-दाई) तोंड व स्तन तपासते आणि गर्भाशयमुखासाठी व्हीआयए करते. मिश्री आणि तंबाखूची सवय असलेल्या भागात तोंडाची तपासणीही तितकीच महत्त्वाची. केरळातल्या मोठ्या अभ्यासात नुसते तोंड उघडून पाहिल्याने तंबाखू वा दारूची सवय असलेल्यांमधले मृत्यू कमी झाले. मुंबईतल्या वीस वर्षांच्या अभ्यासात, प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्तीने दर दोन वर्षांनी हाताने केलेल्या स्तन तपासणीमुळे पन्नाशीपुढच्या बायकांमधले मृत्यू सुमारे 30 टक्क्यांनी घटले.

सरकारी व्यवस्थेच्या बरोबरीने स्मरणार्थ होणारी शिबिरे हा आज मोठा आधार आहे. आई, बहीण किंवा सून कर्करोगाने गेलेली घरे पुण्यतिथीला तपासणी ठेवतात. मंडपात आईचा फोटो, हार, शेजारी नोंदणीचे टेबल आणि पडदा लावलेली वर्गखोली. बाहेर बायकांची रांग. कुणीतरी माइकवरून गेलेल्या बाईची हकीकत सांगते: दोन वर्षे अंगावरून जात होते, कुणाला बोलली नाही. ही हकीकत रांगेतल्या बायकांना पटते, कारण त्या तिला ओळखत होत्या. डॉक्टरांच्या भाषणापेक्षा तिचा परिणाम अधिक होतो आणि हीच स्मरणाची ताकद.

बार्शीच्या अनुभवावरून अशा शिबिराचे नियम सांगता येतात. तपासणी करणारी स्त्री असावी आणि आडोसा पक्का असावा. ज्यांची तपासणी केली त्यांची नोंद नावानिशी राहावी, पण निकाल त्या बाईलाच सांगावा, माइकवरून नव्हे. दोष आढळलेल्या बाईला पुढच्या रुग्णालयापर्यंत नेण्याची जबाबदारी शिबिर भरवणाऱ्याने घ्यावी. तिला नुसती चिठ्ठी देऊन सोडले तर शिबिर अर्धवट राहते. गाडीभाडे, सोबतीला माणूस आणि तिच्या बुडणाऱ्या रोजाची भरपाई हेच स्मरणार्थ दानाचे खरे खर्च. तपासणी एकदाच करून थांबू नये, पाच वर्षांनी त्याच बायकांना पुन्हा बोलवावे आणि गेल्या वेळी न आलेल्यांच्या घरी जावे. ज्यांनी येणे टाळले त्यांत अधिक वयाच्या आणि कमी शिकलेल्या बायका जास्त होत्या, हे उस्मानाबादच्या चाचणीने दाखवले आहे. पहिला निरोप त्यांनाच जायला हवा.

वीरगळावर गावाने कोरून ठेवले ते गेलेल्याचे शौर्य. रुग्णालयाच्या पाटीवर लिहिले गेले ते त्याचे नाव. येडशीच्या घाटापलीकडे सुरू झालेल्या कामाने या रीतीत तिसरी गोष्ट मिळवली: नोंदवहीतली ती ओळ, जिथे एखाद्या बाईच्या नावापुढे 'लवकर सापडला, उपचार पूर्ण' असे लिहिता येते.